तंगडीचा इतिहास: रानपक्ष्याचे चिवट मांस शिजवण्याची विद्या कोणाची?

१/ मनगटावर ससाणा, अंगावर जरीचा अंगरखा, पायाशी मरून पडलेले तितर, आणि वर मथळा: 'शाही शिकार, शाही पाककला'. इतिहासप्रेमी तरुणांच्या पानांवर अशी चित्रे नित्य फिरत असतात. त्यांखालचे विधानही ठरलेले असते. रानपक्ष्यांचे चिवट मांस खाण्याजोगे करण्याची विद्या राजवाड्यांच्या मुदपाकखान्यांत जन्मली आणि तेथून खाली समाजात झिरपली, असे ते विधान. ते टिकत नाही. का टिकत नाही, याचा हा धागा.

२/ या विधानाचे तीन तुकडे पडतात. पहिला: चिवटपणावरचा उपाय राजांच्या बल्लवांनी शोधला. दुसरा: मसाला हा मुळात शिळ्या, वास मारणाऱ्या मांसावरचा पडदा होता. तिसरा: पारधी केवळ पक्षी पकडून आणणारा, त्याच्या पाककौशल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिन्ही तुकडे स्वतंत्रपणे तपासावे लागतात, कारण तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी कोसळतात.

३/ आरंभ ग्रंथांपासून करण्याऐवजी पक्ष्याच्या पायापासून केलेला बरा. तितर, लावा, रानकोंबडा, मोर हे सारे जमिनीवर वावरणारे पक्षी. माळावरचा तितर धोका दिसताच आधी धावतो. अगदी अंगावर कोणी आले तरच फडफडाट करून उडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा उतरतो. त्याचे सारे आयुष्य पायांवर जाते. उड्डाण हा त्याचा आणीबाणीचा उपाय.

४/ या सवयीचा ठसा मांसावर उमटतो. क्षणभराच्या जोरदार उड्डाणासाठी लागणारे छातीचे स्नायू फिके आणि मऊ राहतात. दिवसभर राबणाऱ्या मांडीचे व तंगडीचे स्नायू गडद होतात, आणि त्यांना बांधून ठेवणारी संयोजी ऊती, म्हणजे कोलॅजेन, दाट असते. तंगडीतल्या कंडरा तर या कुळातील पक्ष्यांत वयाबरोबर हाडासारख्या कठीण होतात. मोठ्या पक्ष्याची तंगडी खाताना दातांत येणाऱ्या काड्या त्याच.

५/ वयाचा प्रश्न आणखी निराळा. बाजारातील ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिच्या कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जाण्याआधीच ती कापली जाते. रानातला पक्षी एका पावसाळ्याचा असेल किंवा चार पावसाळ्यांचा. गावठी कोंबडा शिजायला ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट वेळ का घेतो, हे ज्या घरांत अजून चुलीवर मटण-कोंबडी शिजते तेथे कोणाला सांगावे लागत नाही.

६/ आता अग्नीचे काम. कोलॅजेन सुमारे ७० अंश सेल्सियसच्या पुढे, पाण्याच्या सोबतीने आणि पुरेशा वेळाने विरघळून त्याचे जिलेटिन होते. रस्सा गार झाल्यावर थिजतो, बोटांना चिकटतो, तो याच जिलेटिनमुळे. अडचण अशी की तेवढ्या उष्णतेला तेवढा वेळ छाती ठेवली तर तिचे लाकूड होते. एकाच पक्ष्याच्या दोन भागांना दोन परस्परविरोधी पाकक्रिया लागतात.

७/ म्हणून संपूर्ण पक्षी सळईवर भाजणे ही चिवट पक्ष्यासाठी सर्वांत वाईट पद्धत ठरते. छाती शिजते तोवर तंगडी कच्ची राहते. तंगडी शिजते तोवर छाती कोरडी पडते. चित्रांत मात्र नेमका सळईवरचा अखंड पक्षीच दिसतो, कारण तो देखणा असतो. तंगड्या, पाठ, मान आणि पंखांची मुळे मडक्यात कशी शिजली, याचे चित्र काढावेसे कोणाला वाटले नाही.

८/ दही, लिंबू, चिंच यांच्या मुरवणीविषयीही एक गैरसमज दूर करावा लागतो. आंबट मुरवणीचा परिणाम मांसाच्या वरच्या थरापुरता राहतो. जाड मांडीच्या आतल्या कोलॅजेनपर्यंत ती पोहोचत नाही. चव तिने येते, बाहेरचा पोत सुधारतो. तंगडी मऊ होते ती पाणी, मंद आच आणि वेळ यांनी. या तिन्हींपैकी एकही गोष्ट राजवाड्याची मक्तेदारी नव्हती.

९/ जाड बुडाचे भांडे, वर खोलगट झाकण, झाकणात पाणी; आतला अंगचा रस आटू लागला की तेच तापलेले पाणी भांड्यात. महाराष्ट्राच्या असंख्य घरांत मटण असेच शिजत आले. गार पाण्याने शिजणे थांबते, म्हणून तापलेलेच पाणी घालायचे, हे त्यामागचे शहाणपण. याचा शोध अमक्या राजाच्या अमक्या बल्लवाने लावला असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. रानपक्षी म्हटला की मात्र ते धाडस होते.

१०/ हा प्रश्न भारतापुरता कधीच नव्हता. 'अपिसियस' या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाकग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास त्याच्या आजच्या रूपात आला असे मानतात. त्यात पक्ष्यांवर स्वतंत्र विभाग आहे आणि क्रौंच पक्ष्यासाठी एक विलक्षण सूचना आहे. पक्षी उकळताना त्याचे डोके पाण्याबाहेर राहू द्यावे. शिजल्यावर पक्षी गरम फडक्यात गुंडाळून डोके ओढावे, म्हणजे कंडरा त्याबरोबर निघून येतात.

११/ कारणही तेथेच दिले आहे: कंडरांसह हे मांस खाता येत नाही. ही सूचना कोणत्या अनुभवातून आली असावी? पक्षी हातात धरणाऱ्या, सोलणाऱ्या आणि उकळत्या भांड्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अनुभवातून. रोमन श्रीमंतांच्या घरी हे काम बहुधा गुलाम करीत. ग्रंथावर नाव मात्र एका खवय्या धनिकाचे चढले. नाव आणि हात यांच्यातील हे अंतर पुढेही भेटत राहते.

१२/ भारतात परतताना पहिला थांबा चरकसंहिता. सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या अध्यायात मांस देणाऱ्या प्राण्यांचे आठ वर्ग केले आहेत. त्यांत पक्ष्यांचे दोन वर्ग लक्षणीय: विष्किर आणि प्रतुद. प्रतुद म्हणजे चोचीने टोचून खाणारे. विष्किर म्हणजे पायाने उकरून, विखरून खाणारे. लावा आणि तितर याच वर्गातले.

१३/ या नामकरणाकडे थांबून पाहिले पाहिजे. रंग, आकार, आवाज हे निकष बाजूला ठेवून वर्गाचे नाव पक्ष्याच्या पायाच्या कामावरून पडले आहे. जो पक्षी दिवसभर पायाने माती उकरतो त्याची तंगडी कशी असणार, हे त्या नावातच आले. एवढे बारीक निरीक्षण झुडपाआड तासन्‌तास बसून पक्षी पाहणाऱ्याचे असते. ताटावर वाढलेल्या पक्ष्यावरून ते सुचत नाही.

१४/ हा केवळ तर्क आहे असे कोणी म्हणेल. पण वनौषधींच्या बाबतीत चरकसंहिता स्वतःच याची कबुली देते. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात, असे तिच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. ज्या परंपरेने वनस्पतींचे ज्ञान वनवासीयांकडे असल्याचे मान्य केले, तिला पक्ष्यांचे ज्ञान राजसभेतून मिळाले असे मानण्याला आधार कोणता?

१५/ त्याच परंपरेत मांसरसाला मोठे स्थान आहे. आजारातून उठणाऱ्यासाठी, दुबळ्यासाठी मांसाचा रस सांगितला जातो, आणि पक्ष्यांत लावा श्रेष्ठ मानला जातो. रस काढायचा म्हणजे हाडामांसासह पाण्यात दीर्घकाळ उकळायचे. कोल्हापूरकडे तिखट पडण्यापूर्वी बाजूला काढलेले अळणी पाणी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतात, त्याची जात हीच. येथे मडके हेच मुख्य साधन. सळईला त्यात जागा नाही.

१६/ दुसरा थांबा 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर हा संस्कृत ज्ञानकोश आहे; काळ साधारण ११३०. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि या घराण्याची सत्ता महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती. ग्रंथात शंभर अध्याय. मृगया, ससाण्यांची शिकार, लाव्यांच्या झुंजी आणि अन्नभोग हे सारे विषय त्यात येतात. 'शाही पाककला'वाल्यांचा हा लाडका पुरावा.

१७/ पुरावा उत्तम आहे, निष्कर्ष मात्र उलटा. याच अन्नभोग प्रकरणात शेतातील व नदीकाठच्या उंदरांची कृती दिलेली आहे. शेतातला उंदीर पकडून, सोलून, भाजून खाण्याची विद्या राजवाड्यात जन्मली असे कोणी गंभीरपणे म्हणेल काय? बांधावर राबणाऱ्याचे अन्न राजाच्या ग्रंथात पोहोचले, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

१८/ 'मानसोल्लास' मराठी वाचकांना आणखी एका नोंदीमुळे परिचित आहे: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही नोंद. त्या नोंदीवरून 'ओवी सोमेश्वराने रचली' असे कोणी म्हणत नाही. राजाने ऐकले आणि लिहवून ठेवले, हे सर्वांना मान्य आहे. मग त्याच ग्रंथातील पाककृती मात्र राजाची निर्मिती कशी ठरते? ओवीला एक न्याय आणि तितराला दुसरा, ही इतिहासाची पद्धत होऊ शकत नाही.

१९/ तिसरा थांबा मांडू. माळव्याचा सुलतान घियास शाह याच्या दरबारात 'निमतनामा' हे फारसी पाकपुस्तक सिद्ध होऊ लागले आणि त्याचा पुत्र नासिर शाह याच्या काळात पुरे झाले. म्हणजे १५०० च्या आगेमागे. त्याचे सचित्र हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तितर आणि लावा यांच्या पाककृती त्यात आहेत. कापूर, कस्तुरी, गुलाबपाणी यांची तर रेलचेल आहे.

२०/ त्यातील चित्रे नीट पाहावीत. मिशाळ सुलतान मध्यभागी बसलेला. भोवती कोणी भांडे ढवळते आहे, कोणी वाटते आहे, कोणी चुलीशी वाकलेले आहे. चित्रकाराने सुलतानाचा चेहरा ओळखू येईल असा काढला. चुलीशी वाकलेल्या माणसाचे नाव कोठेही नाही. 'शाही पाककला' या शब्दांतील 'शाही' खुर्चीवर बसलेली असते आणि 'पाककला' चुलीशी वाकलेली असते. दोघांना एक मानणे ही पहिली चूक.

२१/ चौथा थांबा 'आईन-ए-अकबरी', आणि येथे वादाचा निकाल लागतो. अबुल फझलने शाही मुदपाकखान्याचे वर्णन करताना एक छोटी बाब नोंदवली आहे. मेंढ्या, शेळ्या, कोंबड्या, बदके हे सारे बल्लवांकडून पोसून पुष्ट केले जात, आणि कोंबड्या महिन्याहून अधिक काळ ठेवल्या जात नसत. खाऊपिऊ घालून पोसलेला पक्षी. त्याची तंगडी चिवट होईलच कशी?

२२/ म्हणजे राजवाड्याला चिवटपणाचा प्रश्न सोडवावाच लागत नव्हता. तो टाळता येत होता. टाळण्याचे तीन मार्ग होते. एक: कोवळा, पोसलेला पक्षी निवडणे. दोन: छातीचे मांस घेऊन उरलेला भाग खालच्या माणसांकडे सोडणे. तीन: वाटून, कुटून, हाडे काढून पक्ष्याचे रूपच बदलणे, कारण कुटायला हात मोजावे लागत नव्हते. यांपैकी एकही मार्ग माळावरच्या चुलीला उपलब्ध नव्हता.

२३/ आईनमधील यादीत यखनी आहे, दमपुख्त आहे. दोन्ही पद्धती चिवट मांसासाठी आदर्श. पण दोन्हींचे मर्म काय? यखनी म्हणजे हाडामांसाचा उकळून काढलेला रस. दमपुख्त म्हणजे झाकण लिंपून आतल्या वाफेवर शिजवणे. मडके, पाणी, झाकण, मंद निखारा. दरबाराने त्यांना नाव दिले, केशर दिले, यादीत स्थान दिले. हे योगदान खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. उगम मात्र त्याने सिद्ध होत नाही.

२४/ येथे कालगणनेचाही एक धडा. 'अमक्या राजाच्या काळापासून चालत आलेली' म्हणून जी पाककृती पुढे केली जाते तिच्यात कच्ची पपई आणि लाल मिरची सर्रास असते. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. पोर्तुगीज भारताच्या किनाऱ्याला १४९८ मध्ये लागले; त्यापूर्वी येथे ना पपई होती ना मिरची. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखटासाठी मिरी आणि आले होते. पपईने मऊ केलेले 'चालुक्यकालीन' मांस ही कल्पनाविलासाची थोरवी.

२५/ आता दुसरा तुकडा: मसाला म्हणजे सडक्या मांसावरचा पडदा. ही समजूत मध्ययुगीन युरोपविषयी रूढ झाली आणि तिच्या प्रसाराचे श्रेय बहुधा जॅक ड्रमंड यांच्या 'दि इंग्लिशमन्स फूड' या १९३९ च्या पुस्तकाला दिले जाते. इतिहासकारांनी ती केव्हाच मोडीत काढली. कारण साधे होते: समुद्रापलीकडून येणारी मिरी ज्याला परवडे त्याला ताजे मांसही परवडे. स्वस्त मांस वाचवण्यासाठी महाग मसाला कोण खर्च करील?

२६/ उलट युरोपातच रानपक्षी मुद्दाम जुना करण्याची रीत होती. फेझंट पिसांसकट थंड जागी कित्येक दिवस टांगून ठेवीत. ब्रिया-सावारँ यांनी १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ताजा फेझंट बेचव ठरवला आहे. टांगल्याने मांसातील विकर स्नायूंचे तंतू सैल करतात आणि एक उग्र गंध येतो. तो गंध झाकण्याऐवजी रसिक तोच मागत.

२७/ पण टांगूनही तंगडी सुटत नव्हती, कारण कोलॅजेनवर त्या विकरांचा फारसा प्रभाव पडत नाही. म्हणून तेथेही भाजलेल्या पक्ष्याची छाती मेजवानीला आणि तंगड्या, सांगाडा मंद आचेवरच्या सारात, हीच विभागणी रूढ झाली. फ्रेंच सालमी हा प्रकार अर्धवट भाजलेल्या रानपक्ष्याचे तुकडे त्याच्याच सांगाड्याच्या रसात पुन्हा शिजवतो. थेट मडक्याकडेच परतणे झाले.

२८/ हीच समजूत जेव्हा दख्खनवर लादली जाते तेव्हा ती हास्यास्पद होते. वैशाखातल्या माळावर पक्षी आठवडाभर टांगून ठेवण्याचा विचारही कोणी केला नसता. शिवाय फासात सापडलेला पक्षी जिवंत असतो. जिवंत तितर सकाळी पकडला, सायंकाळी चुलीवर चढला. त्याच्या मांसाला लपवण्याजोगा वास येणार कोठून? मसाला चवीसाठी होता आणि मऊपणा वेळेने येत होता. दोन कामे, दोन साधने.

२९/ 'फास' हा शब्द आला म्हणजे तिसऱ्या तुकड्याची वेळ झाली. फासेपारधी हे नावच साधनावरून पडले. 'पारध' हा मराठी शब्द प्राकृत 'पारद्धि'चा वारस. म्हणजे या समाजाचे नाव शिकारीच्या क्रियेपासून वेगळेच करता येत नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखांची नोंद आहे. त्यांतील एक शाखा बैलाच्या आडोशाने चालत सावजापर्यंत पोहोचणारी.

३०/ शिकवलेला बैल, त्याच्याआड दबकत चालणारा माणूस, वाऱ्याची दिशा, पक्ष्याच्या चरण्याची वेळ, नराच्या सादेची नक्कल: हे सारे ज्ञान मान्य करायला आज कोणाची हरकत नसते. हरकत सुरू होते ती चुलीपाशी. ज्याला पक्षी कोठे उकरतो, कोठे झोपतो, म्हातारा कोणता आणि कोवळा कोणता हे ठाऊक होते, त्याला त्याची तंगडी किती वेळ शिजवावी हे मात्र राजाच्या आचाऱ्याने शिकवले, असे मानायचे?

३१/ येथे प्रामाणिक आक्षेप असा: पारध्यांनी लिहिलेला पाकग्रंथ कोठे आहे? तो नाही. पण पुराव्याचा अभाव दोन्ही बाजूंना कापतो. दरबाराने कृती नोंदवली हा नोंदीचा पुरावा आहे, निर्मितीचा नव्हे. ज्यांना निवडीची चैन नव्हती, फासात म्हातारा पक्षी सापडला तर म्हाताराच खावा लागे, आणि ज्यांच्या घरात तंगडी टाकून देण्याचा प्रश्न नव्हता, त्यांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवावाच लागला. गरज कोणाची होती, हाही इतिहासाचा पुरावाच आहे.

३२/ आणि हा वाद केवळ स्वयंपाकाच्या श्रेयाचा राहत नाही. इंग्रजीत अशा पक्ष्याला 'गेम' म्हणतात. खेळ आणि सावज एकाच शब्दात. ह्यूम आणि मार्शल यांचा 'दि गेम बर्ड्‌स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन' हा त्रिखंडी ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. बंदूकधारी साहेबासाठी तितर 'गेम' झाला. त्याच काळात तोच तितर फासाने पकडणारा माणूस कायद्याच्या लेखी काय झाला, ते पाहिले पाहिजे.

३३/ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतात आला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला. पारधी या कायद्याच्या कचाट्यात सापडले. हजेरी, फिरण्यावर बंदी, तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापूरची वसाहत महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सवय मात्र कायद्याबरोबर संपली नाही.

३४/ दुसरीकडे भरतपूर. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाणपक्षी मारले गेले. आज राष्ट्रीय उद्यान असलेल्या केवलादेवमध्ये तो आकडा दगडावर कोरलेला आहे. दिनांक आहे, बड्या पाहुण्यांची नोंद आहे. ते पक्षी कोणी गोळा केले, कोणी सोलले, तंगड्या कोणाच्या मडक्यात गेल्या, यावर दगड गप्प आहे.

३५/ एका दिवसात हजारो पक्षी मारणाऱ्याचे नाव दगडावर, आणि पोटापुरते दोन-चार पक्षी पकडणाऱ्याचे नाव पोलिसांच्या हजेरीपटावर. याच दोन नोंदींतून 'शाही शिकार, शाही पाककला' हा मथळा तयार होतो. म्हणून तो निरागस नाही. राजाला रसिक आणि पारध्याला चोर ठरवणारी जुनी वाटणी तो सुंदर चित्राच्या आधाराने पुढे चालवतो.

३६/ एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानातील तितर, लावा, मोर मारणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे; माळराने आक्रसत असताना तर अधिकच. आज हॉटेलांत मिळतो तो बहुधा पाळीव जपानी लावा. येथे शिकारीची भलामण नाही. संपलेल्या प्रथेचा इतिहास खरा लिहिला जावा, एवढीच मागणी आहे.

३७/ यापुढे 'शाही' पाककृतीची पोस्ट समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. एक: त्या काळी तो जिन्नस येथे होता काय? दोन: ग्रंथाने ती कृती निर्माण केली की केवळ नोंदवली? तीन: त्या पक्ष्याची तंगडी कोणी खाल्ली? पहिल्या प्रश्नाला पपई आणि मिरची गळतात, दुसऱ्याला राजाचे कर्तेपण गळते.

३८/ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत क्वचित सापडते. ते शोधायचे तर इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दरबारी पोथ्यांबरोबर पारधी वस्त्यांतील म्हाताऱ्या माणसांकडेही बसले पाहिजे. त्यांच्या आठवणीतील शब्द, भांडी, वेळा, वाटे लिहून घेतले पाहिजेत. ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाच्या शुभेच्छा देणारी इतिहासाची पाने खूप आहेत. त्यांतल्या दहा जणांनी जरी एकेक मुलाखत नोंदवली, तरी या विषयाचा पहिला खरा दस्तऐवज तयार होईल. ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.

(धागा समाप्त)